दादाभाईंच्या चरित्रातली तुझी पानं

नांदूरघाट, तालुका केज
९ ऑगस्ट १९१७

चि. भिवरास, सुंदरदादाचे अनेक आशीर्वाद.

तू सिरसाळ्याला सासरी गेल्याला आज चौदा दिवस झाले. पोचल्याचा निरोप नाही. धुळाजीराव तुझे दीर असले तरी तुझ्या नवऱ्यामागं आता वडिलांच्या जागी आहेत. त्यांच्या घरात काम पुष्कळ असेल, पण खायला-प्यायला ददात नाही, असं मी रोज तुझ्या वहिनीला सांगतो. छबू उठून जात्यावर बसते.

हे पत्र फळवाल्या हजराबीजवळ देतोय. तिची लेक सिरसाळ्यातच दिलेली आहे. टपालानं पाठवलं तर ते आधी धुळाजीरावांच्या हाती पडायचं.

चावडीवर जे झालं त्याचं मनात काही धरू नकोस. मी खोटं बोललो नाही. अमीनसाहेबांनी वही पुढं धरून विचारलं, अक्षर कुणाचं? अक्षर तुझं होतं, ते मी सांगितलं. सरकारी शाळेतल्या मास्तरानं पोलिसाला दुसरं काय सांगायचं? ‘ही बाई सरकारी नोकराच्या घरात राहणार नाही’ असा मुचलका त्यांनी लिहून घेतला. न द्यावा तर नोकरी जात होती. मग तू, छबू, दोन लेकरं, सगळेच उघड्यावर. तूच विचार कर.

आणि एवढं काय होतं त्या वहीत? दादाभाई नौरोजींसारखा थोर म्हातारा माणूस मुंबईत वारला, त्याचं चरित्र आपण देवळात वाचलं. दुसरं गाव असतं तर हार घातला असता. वर्षभरात लोक विसरतील, मग मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन.

तुझी दोन लुगडी आणि घोंगडी पाठवली आहे. दौत-टाक इथंच ठेवला. तिकडं त्याचं काम पडणार नाही.

तुझा दादा,
सुंदरराव

*

नांदूरघाट
४ नोव्हेंबर १९१७

चि. भिवरास आशीर्वाद.

हजराबी परवा परत आली. मी शाळेतून येताना वाटेतच तिला गाठलं. तिनं डोक्यावरची पाटी खालीसुद्धा ठेवली नाही. म्हणाली, “मास्तर, तुमच्या बहिनीला बगून आले. शेणाच्या पाट्या वाहती. धुळाजी तिला नावानं हाक मारीत न्हाई. ‘ए चावडीवाली’ म्हन्तो. लेकरंबी तसंच म्हन्त्यात.”

“पत्र दिलं का?”

“दिलं की. कमरंला खोवलं अन् पुन्ना पाटी उचलली.”

“निरोप?”

“न्हाई. अन् मी असते तर मीबी दिला नसता.”

एवढं बोलून ती गेली. तेव्हापासून ‘चावडीवाली’ हा शब्द माझ्या कानातून जात नाही. म्हणून आज जे लिहितोय ते तुला माहीत असूनही लिहितोय. कागदावर उतरल्याशिवाय मला ते खरं दिसत नाही.

बाबा आपल्याला दादाभाईंची गोष्ट सांगायचे. तू तेव्हा पाळण्यात होतीस, मी सात वर्षांचा. ‘आपल्यातला एक माणूस विलायतेच्या पार्लमेंटात जाऊन बसला, आणि किती मतांनी? तीन!’ असं म्हणून बाबा तीन बोटं वर करायचे. तो माणूस यंदा जूनच्या अखेरीस गेला, हे पुण्याच्या वर्तमानपत्रातून मला आठ दिवसांनी कळलं. मग मी बारा संध्याकाळी बसून त्यांचं चरित्र लिहिलं. कॉलेजात गणित शिकवणारा हुशार तरुण विलायतेला जातो. अफूच्या धंद्यात हात घालायला नको म्हणून चांगली भागीदारी सोडतो. हिंदुस्थानची संपत्ती दरवर्षी कशी वाहून जाते हे पन्नास वर्षं आकड्यांनी मांडत राहतो. बडोद्याचा दिवाण होतो, तीनदा काँग्रेसचा अध्यक्ष होतो, आणि ऐंशी वर्षांचा झाल्यावर कलकत्त्याच्या सभेत ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारतो. सगळं मी लिहिलं, ठणठणीत भाषेत लिहिलं. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून वही तुला उतरवायला दिली.

तिसऱ्या पानावर तू थांबलीस. “दादा, यात त्यांची आई कुठं हाय?”

मी म्हणालो, आहे की. ‘चार वर्षांचे असता पितृछत्र हरपले, मातेने वाढविले.’

“एका वळीत? बाई एकटी ऱ्हायली. तिला सोताला वाचता येत न्हवतं. लोक म्हनले आसतील, दुसरं लगीन कर, पोराला कामाला लाव. तिनं पोरगं शाळंत घातलं. अन् तू एका वळीत उरकलंस?”

मी हसलो. म्हणालो, लिही तुला लिहायचं तर, कोण वाचतंय! तू त्यांच्या आईवर, माणकबाईंवर, तीन पानं लिहिलीस. मग दादाभाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या त्यावर आणखी दोन: ते नि त्यांचे सोबती घरोघर फिरायचे आणि मुलींचे बाप त्यांना पायरीवरून ढकलून द्यायची धमकी द्यायचे. तू लिहिलंस तेव्हा त्या पायऱ्या आपल्या गल्लीतल्या वाटायला लागल्या. मी वाचलं आणि मला हेवा वाटला. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

बाजाराच्या दिवशी मारुतीच्या देवळात वाचन झालं. साठ-सत्तर माणसं असतील. माझ्या पानांना लोकांनी माना हलवल्या. तुझ्या पानांना मात्र मागची माणसं पुढं सरकून बसली. आश्रुबासारखा टवाळ माणूस, ज्यानं मयतीतही कुणाला हसवायचं सोडलं नाही, तो पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. म्हणाला, “मास्तर, त्या माउलीचं हे कुनी लिवलं? तुमीच का?”

मी म्हणालो, “होय. सगळं मीच लिहिलंय.”

तू खांबाजवळ बायकांत बसली होतीस. तू मान खाली घातलीस. वर बघशील म्हणून मी थांबलोच नाही, लगेच पुढचं पान उलटलं.

पुढचं पान निवडणुकीचं होतं. आश्रुबानं विचारलं, “मत म्हंजी काय?” मी दोघांना पुढं उभं केलं, लोकांना त्यातल्या एकाच्या बाजूला जाऊन बसायला सांगितलं, डोकी मोजली. गंमत झाली. मग आश्रुबा मोठ्यानं म्हणाला, “असं हाय व्हय? मग आपला अमीनबी असाच निवडू की! मी म्हन्तो, तीन मतं तरी पडत्याल का त्याला?” सगळं देऊळ हसलं. मीही हसलो. चार दिवसांत ते हसू अमीनाच्या कानावर गेलं, आणि अमीन चावडीवर आला.

पुढचं आज लिहवत नाही.

दादा

*

केज
१७ फेब्रुवारी १९१८

चि. भिवरास.

वर गावाचं नाव बघून तुला नवल वाटेल. मागच्या महिन्यात माझी बदली केजच्या मोठ्या शाळेत झाली. सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य मास्तर. तपासणीला आलेले साहेब माझ्यावर खूष झाले. त्याचा तपशील पुढं कधीतरी.

खोली चांगली आहे. शेजार चांगला आहे. छबू मात्र लेकरांना घेऊन नांदूरघाटलाच राहिली आहे. तिला इकडची हवा मानवायची नाही, असं मी इथं लोकांना सांगतो.

पहिल्या पगारातून तुला लुगडं पाठवलं होतं. हजराबीनं ते घडी न मोडता परत आणून दिलं. मी विचारलं, काही म्हणाली का? तर म्हणे, “इचारलं तिनं, दादाला बढती कशानं मिळाली? म्या म्हनलं, मला काय ठावं. तर म्हनली, मग हे कापड माघारी ने.”

भिवरा, तुला कसं कळलं? की तुला काहीच कळलेलं नाही, आणि तू फक्त मला ओळखतेस?

सुंदरराव

*

केज
२१ एप्रिल १९१८

भिवरा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तसाच आरंभ करतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी खोटं बोललो नाही. अमीनाच्या पहिल्या प्रश्नाला नाही बोललो. पण त्यानं दुसरा प्रश्न विचारला होता, आणि तू चावडीवर यायच्या आधी विचारला होता. तो असा: “अक्षर छोडो, मास्टर. ये सब सोचा किसने? लिखा किसने? सरकारी आदमी हो, सोच के बोलो.”

‘सोच के बोलो’ म्हणताना त्यानं डोळ्यांनी मला वाट दाखवली. त्यालाही मास्तराचं लचांड नको होतं. एखादी बाई असली म्हणजे कागद मिटतो. मी म्हणालो, “साहेब, मी दिवसभर शाळेत असतो. घरी बहीण काय लिहीत बसते मला ठाऊक नाही. तिनं वही हातात दिली, मी न बघता वाचली.”

समोर तीच साठ माणसं बसली होती, ज्यांना मी चार दिवसांपूर्वी ‘सगळं मीच लिहिलंय’ म्हणून सांगितलं होतं.  आता कुणीतरी उठेल असं वाटलं. कुणी उठलं नाही.

मग तुला बोलावलं. पदर डोक्यावर घेऊन तू आलीस, चावडीच्या पायरीखाली उभी राहिलीस. अमीनानं विचारलं, “तुम लिखी?” तू त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस मला सांगता येत नाही. मी माझ्या जोड्यांकडं बघत होतो. तू म्हणालीस, “अक्षर माजं हाय.” एवढंच. तुला सगळं सांगता आलं असतं. अमीनानं कागद दिला, काहीही लिही म्हणाला. तू तिथंच जमिनीवर बसून लिहिलंस, ‘माणकबाईंना स्वतःला अक्षर येत नव्हते.’ अमीनानं वहीशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, हेच अक्षर आहे. कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाई माणूस चावडीवर पोलिसापुढं बसून लिहितंय, म्हणून.

हे अर्धं झालं. आता बढतीचं.

डिसेंबरात शाळा तपासायला साहेब आले. वयस्क माणूस, विद्वान, मराठी चांगली वाचतात. पोरांची परीक्षा झाल्यावर त्यांनी मला एकट्याला बसवून पिशवीतून तुझ्या अक्षरातली ती वही काढली. अमीनाच्या दप्तरातून मागून घेतली होती. माणकबाईंचं पान उघडून म्हणाले, “बाकी राजकारण जाऊ दे. पण ही पानं ज्यानं लिहिली त्याच्या हाती मी डोळे झाकून शाळा देईन. अमीन म्हणतो, कुणा बाईनं लिहिलं. मला पटत नाही. खेड्यातली बाई असं लिहिणार नाही. घाबरू नका मास्तर, खरं सांगा.”

खरं सांगा म्हणाले, भिवरा. आणि मी डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, “मीच लिहिलं, साहेब. नोकरीच्या भीतीनं तेव्हा बहिणीचं नाव पुढं केलं.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “कबूल करायला धीर लागतो,” म्हणाले. महिन्याभरात हुकूम आला.

कौतुक होतं तेव्हा तुझी पानंही माझी, आणि अमीन आला तेव्हा माझी पानंही तुझी. ज्या ओळींनी अमीन भडकला, त्या मतांच्या, स्वराज्याच्या, त्यातली एकही तुझी नव्हती. ज्या ओळींनी मला बढती मिळाली, त्यातली एकही माझी नव्हती.

घरी येऊन मी छबूला मोठ्या आनंदानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “ती भिवराची पानं न्हवं?” मी म्हणालो, आता कुठं ते उकरून काढतेस. तिनं तव्यावरची भाकरी काढली, हात धुतले आणि म्हणाली, “जावा तुमी केजला. त्या पगाराची भाकर माज्या अन् लेकरांच्या पोटात जायची न्हाई.” ती आता हजराबीच्या बागवानीत मजुरीला जाते. हवा मानवत नाही हे मी रचलेलं.

उद्या साहेबांचा मुक्काम केजला आहे. मी जाणार आहे.

सुंदर

*

केज
३ मे १९१८

भिवरा,

गेलो होतो. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा शिपायानंच विचारलं, “क्या मास्टर, अंदर जाना है के नहीं?” तेव्हा आत गेलो.

सगळं सांगितलं. साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. झाल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “दो बार झूठ बोले तुम. एक बार डर से, एक बार लालच से. पहिलं मी समजू शकतो.”

त्यांनी पुढं काही म्हणावं, रागवावं, म्हणून मी उभा राहिलो. ते म्हणाले, “तुमच्या बहिणीला लिहिता येतं हे मला पटलं नाही, ही माझीही चूक. पण तुम्हाला मी शाळेत ठेवू शकत नाही.” मी तिथंच राजीनामा लिहिला. माझं वेडंवाकडं अक्षर बघून ते खिन्न हसले. वही मागितली, ती दिली नाही. ती आता सरकारी दप्तरातच राहणार.

राजीनामा आज मंजूर झाला; मी आता सरकारी नोकर नाही. म्हणजे मुचलक्यालाही आता अर्थ उरला नाही. तू घरी चल, भिवरा. कधी येऊ न्यायला? आपल्याला बाबांची सात एकर कोरडवाहू आहे, राबू आणि खाऊ. मी आता सगळं फेडलं असं म्हणत नाही, पण जे करायचं होतं ते केलं.

उत्तर दे.

दादा

*

सिरसाळा
वैशाख

दादास भिवराचा नमस्कार.

हजराबीच्या जावयाकडून कागद आन पेन्सल घेतली. तुजी सगळी पत्रं वाचली. पहिलं वाचलं तवा चुलीत घालनार व्हते. घातलं न्हाई. वाटलं, ऱ्हाऊ दे, कदी तरी तुला दाखवीन.

तू लिवतोस, करायचं व्हतं ते केलं. कुठं केलंस? केजात, साहेबाच्या खोलीत, दार लावून. त्या साहेबानं मला कदी बगितलं बी न्हवतं. मला ज्यांनी बगितलं ते नांदूरघाटच्या चावडीवर बसले व्हते. मी पायरीखाली बसून लिवलं, तवा जो हासला त्याचं हासनं मला अजून ऐकू येतं. तो मानूस काय केजला ऱ्हातो?

मला राग ह्याचा न्हाई की तू घाबरलास. अमीनाला कोन घाबरत न्हाई. देवळात कुनी घाबरवलं व्हतं तुला? तितं तर समदी आपलीच मान्सं व्हती. तितं तू माझी पानं घेतलीस. तवाच मला कळलं, पुढं काय व्हनार ते.

तुज्या घरी यायला मला गाडी नको. आदी चावडीवर जा.

भिवरा

*

नांदूरघाट
९ जून १९१८

भिवरा,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तीन बाजार गेले. तीनही बाजारांना मी चावडीकडं निघालो आणि देवळापासून परत आलो. हे सांगायला लाज वाटते, पण आता लाजेची वाटणी करून काही हातात ठेवायचं नाही असं ठरवलंय.

आज चौथा बाजार. छबू म्हणाली, “मी येते संगं.” पाच महिन्यांनी ती माझ्याशी आपणहून बोलली. ती पुढं चालली, मी मागं.

चावडीवर पेरणीच्या गप्पा चालल्या होत्या. मी वर चढलो नाही. तू जिथं बसली होतीस तिथं, पायरीखाली, उभा राहिलो. लोक म्हणाले, “या की मास्तर, वर या.” मी म्हणालो, मला इथूनच बोलायचंय.  पोरांपुढं बारा वर्षं बोललोय, ते इथं कामाला आलं नाही. शेवटी जसं सुचलं तसं बोललो.

“देवळात मी म्हणालो सगळं मी लिहिलं, ते खोटं. माणकबाईंची तीन पानं आणि मुलींच्या शाळेची दोन, भिवरानं लिहिली. इथं अमीनापुढं म्हणालो सगळं तिनं लिहिलं, तेही खोटं. मतांची नि स्वराज्याची पानं माझी. पुढं केजात बढती मिळाली ती तिच्या पानांवर, मी ती माझी म्हणून सांगितली. तिला या पायरीखाली मी बसवलं. अमीनानं नाही, मी.”

 एक म्हातारा तंबाखू मळत होता, त्याचा हात थांबला. मला वाटलं होतं शिव्या देतील, हसतील. त्यासाठी मी तयार होतो. 

मग आश्रुबा उठला. म्हटलं, आता हा काहीतरी टवाळी करणार. तो खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “अमीनाचा इनोद मी केलता. मास्तर खोटं बोलले तवा मी म्होरंच बसलोतो. देवळात काय बोलले, चावडीवर काय बोलले, दोनी मला पाठ व्हतं. मी तोंड उघडलं न्हाई. आन् बाई लिवायला बसली तवा...” त्यानं पटका काढून हातात घेतला. “हासलो त्यो मीच व्हतो. भ्यालतो, म्हनून हासलो. मला भेलं की हासू येतंय बे, लहानपनापासनं.”

तो माझ्याशेजारी उभा राहून रडला, भिवरा, आणि चावडीवरच्या एकाचीही त्याच्याकडं बघायची छाती झाली नाही. सगळे मान खाली घालून बसले होते, जसा त्या दिवशी मी.

हे सांगून तुझं काही भरून येत नाही. गुरुवारी मी सिरसाळ्याला येतोय. न्यायला नाही. धुळाजीरावांच्या अंगणातही हेच सांगायचंय. त्यांनी आत घेतलं नाही तर रस्त्यावरून सांगीन. तू बाहेर आली नाहीस तरी चालेल.

सुंदर

*

सिरसाळा
मिरग संपताना

वहिनीस भिवराचा नमस्कार.

दादा गुरवारी आलता. तुमाला सगळं सांगायला त्याचं तोंड व्हईल का न्हाई ठावं न्हाई, म्हनून मी लिवते.

मी गोठ्यात व्हते. बाहेर आवाज आला. दादा अंगनात उभा, अंगावर सगळी वाटंची धूळ. धुळाजीभावजी वसरीवर बसले व्हते. जावा, पोरं, शेजारची चार मान्सं गोळा झाली. दादानं पहिल्यापासनं सगळं सांगितलं. मधी एकदा त्याचा आवाज बसला तर त्यो थांबला, पानीसुदिक मागितलं न्हाई, पुन्ना बोलला. आश्रुबाचंबी सांगितलं. आश्रुबा हासला व्हता हे कळलं तवा मला पहिल्यांदा रडू आलं, कावून ते मला अजून कळंना. मी समजत व्हते, कुनी तरी वैरी असंल.

भावजी म्हनले, “आता सांगून काय उपेग? आमच्या घराची लाज तर गेली.” दादा म्हनला, “तुमच्या घराची न्हाई. ती माझी व्हती, तुमी हिला वाहायला लावली. हिला नावानं हाक मारा.”

 मंग थोरल्या जावेनं घरातनं हाक मारली, “भिवरा, पाव्हण्याला पानी दे.” अकरा म्हैन्यांत ह्या घरात माझं नाव पहिल्यांदा निघालं.

म्या पानी दिलं. दादा खाली बगूनच प्याला. मला म्हनला, “माफ कर असं मी म्हणत न्हाई.” मी म्हनलं, “नको म्हनू. मी अजून केलेलं न्हाई. जेवून जा.” त्यो जेवला. वहिनी, त्यो किती वाळलाय. मी त्याच्या ताटात दुसरी भाकर टाकली.

जाताना त्यानं इचारलं न्हाई, येतीस का म्हनून. वेशीपातुर मीच त्याच्यामागं गेले. म्हनलं, माझी पानं सरकारच्या दप्तरात हायती ती ऱ्हाऊ देत. मला ती पाठ न्हाईत. पर माणकबाईचं अजून लई लिवायचं ऱ्हायलंय, तवा तीन पानांत बसलं न्हाई. ते मी लिवनार हाय. खाली माझं नाव घालनार हाय. त्यो म्हनला, “बरं.” दुसरं काय बोलला न्हाई, ते मला बरं वाटलं.

मी ऐतवारच्या बाजारी येते. हजराबीबी संगं हाय. गाडी मी वेशीतच सोडनार, अन् चावडीपुढनं चालत घरी येनार. ऊन उतरल्यावर न्हाई, भर बाजारात, समदी मान्सं बसलेली असताना. दादाला म्होरं धाडू नका.

तुमी तेवढ्या दारात उभ्या ऱ्हावा.

भिवराबाई